क्लब कोणाला हवा होता

भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना घेतला. केळीच्या जिल्ह्यात केळीची भुकटी, कागदावर झकासच. त्यांनी भुकटीचा नाद सोडला, तीच यंत्रे थोडी फिरवली आणि पपईच्या चिकापासून पेपेन काढायला घेतले. ते परदेशात खपले. अर्थतज्ज्ञ योसेफ शुम्पेटरने १९११ मध्येच लिहून ठेवले होते की उद्योजकाचे काम म्हणजे असलेल्या गोष्टींची नवी जुळणी. जळगावात तेव्हा शुम्पेटर कोणाच्या टेबलावर होता की नव्हता, देव जाणे.

बुडता फुटबॉल क्लब वर काढायला निघालेले बहुतेक मालक जुळणीला हात लावत नाहीत. ते आणखी महाग केळी आणतात आणि भुकटीच करत राहतात.

०

असोदा म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात: बहिणाबाईंचे माहेर आणि भरिताची वांगी. फुटबॉल तिसऱ्याच काय, तेराव्या क्रमांकावरही नाही. इथे बसून क्लबांचा विचार करायचा एक फायदा आहे. आपला संघच नाही, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायची सक्ती नाही.

०

मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मली. पहिल्या वर्षी प्रशिक्षक पीटर रीड, मैदानात निकोला आनेल्का आणि फ्रेडी युंगबर्ग. दुसऱ्या वर्षी आनेल्काच खेळाडू आणि प्रशिक्षक. तिसऱ्या वर्षी दिएगो फोर्लान. त्या वर्षी संघ साखळीत पहिला आला आणि उपांत्य फेरीत अडकला. सगळी नावे कारकिर्दीच्या उतरणीला लागलेली, पण पोस्टरवर शोभणारी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या हंगामाला एफसी गोवाचा आधीचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आला आणि त्याच्यासोबत मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मंदार राव देसाई ही गोव्याचीच मंडळी. आधी साखळीची ढाल, मग १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात अंतिम सामना. बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल घातला आणि एटीके मोहन बागान २-१ ने हरले.

याला नवनिर्मिती म्हणावे की दुसऱ्याचा तयार संघ उचलणे? पहिल्या वर्षापुरते मी दुसरेच म्हणेन. पुढचे जास्त मनात राहते. लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला, तो गेला, पेत्र क्रात्की आला. दोघेही याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत काम करून आलेले. माणसे बदलली तरी खेळायची पद्धत फारशी बदलली नाही. बकिंगहॅमच्या काळात एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२३ मध्ये पुन्हा ढाल, २०२४ मध्ये क्रात्कीच्या हाताखाली पुन्हा चषक. पद्धत कागदावर उतरवून ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे देता येणे ही आपल्याकडच्या क्लबांना खरोखर नवी गोष्ट होती. आपल्याकडे प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर वहीपण जाते.

मग डिसेंबर २०२५ मध्ये, लीगच्या भवितव्याचा भरवसा नाही असे सांगून, ग्रुपने हिस्सा मूळ मालकांकडे सोडला आणि काढता पाय घेतला.

०

भरवसा का नव्हता, तेही टिपून ठेवतो. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये खेळाचे व्यापारी हक्क एकाच भागीदाराला १५ वर्षांसाठी दिले. शेवटच्या काळात महासंघाला त्यातून वर्षाला ५० कोटी मिळत. करार संपत आला, नवा होईना, आणि जुलै २०२५ मध्ये देशाची सर्वात वरची लीग ‘तूर्त थांबवली’ असे जाहीर झाले. वरच्या पातळीवरच्या प्रत्येक क्लबचे पाणी एकाच विहिरीचे. क्लब कितीही हुशार असो, ती आटली की सगळ्यांचे शिवार एकदम वाळते.

०

पुण्याची गोष्ट छोटी आहे आणि म्हणून जास्त बोचते. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. अकादमी चांगली होती. दशक पुरे व्हायच्या आत पहिला संघ बंद. त्याच शहरात २०१४ मध्ये सुपर लीगचा एफसी पुणे सिटी आला, जुन्या क्लबची अकादमी त्यानेच घेतली, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ मध्ये पैशापायी तोही संपला. त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ चा चषक जिंकला, मग तिथेही पगार थकले, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली.

पुणे, हैदराबाद, दिल्ली. गावाचे नाव पुसून नवे लिहायचे, इतकेच. पुण्यात त्यासाठी मोर्चा निघाला नाही. पुण्यात, जिथे एका हौदाच्या नावावरून मोर्चा निघू शकतो.

एफसी पुणे सिटीचे नाव मी आमच्याकडच्या एका पोऱ्यापुढे काढले. रात्र-रात्र मोबाइलवर युरोपातले सामने बघणारा, बार्सिलोनाच्या राखीव गोलकीपरचेही नाव सांगणारा. तो म्हणाला, “पुन्याचीबी टीम व्हती का, काका?”

०

व्यवस्थापनाचे अभ्यासक रिटा मॅग्राथ आणि इयान मॅकमिलन यांचा १९९५ चा एक लेख आहे. सार असे: नव्या धंद्यात अंदाजपत्रक म्हणजे गृहीतकांची यादी, ती गृहीतके उघड लिहून काढा आणि सगळ्यात स्वस्तात तपासता येईल ते आधी तपासा. त्यांनी उदाहरण पॅरिसजवळच्या डिस्नेचे घेतले. अमेरिकेत माणसे दिवसभर केव्हाही चरतात, तसेच युरोपातही चरतील असे धरून उपाहारगृहे बांधली. युरोपातली माणसे साडेबाराला एकदम जेवायला उठली. रांगा लागल्या.

पुण्याच्या क्लबांचे न लिहिलेले पहिले गृहीतक होते की शहर मोठे आहे म्हणजे प्रेक्षक येतील. मैदान बालेवाडीला, शहराच्या पश्चिम टोकाला, मुंबईच्या महामार्गालगत. कसब्यातला किंवा भवानी पेठेतला माणूस कामाच्या दिवशी संध्याकाळच्या सामन्याला तिथे कसा जाणार आणि रात्री कसा परत येणार, हे तपासायला परदेशी प्रशिक्षक लागत नाही. एक संध्याकाळ पीएमपीच्या बसने जाऊन आले तरी पुरे.

०

व्यवस्थापनाच्या वर्गात क्लेटन क्रिस्टेन्सनचे मिल्कशेकचे उदाहरण सगळ्यांनी वाचलेले असते. सकाळी मिल्कशेक घेणारा गिऱ्हाईक चवीसाठी घेत नाही. लांबच्या एकट्या ड्राइव्हमध्ये एक हात गुंतवायला आणि दुपारपर्यंत पोट धरायला घेतो. म्हणून विचारायचे ते असे: हा माल कोणत्या कामाला लावला जातो?

आमच्याकडच्या पोऱ्यांनी फुटबॉल कोणत्या कामाला लावला आहे? मी बघतो त्यावरून, दुसऱ्या दिवशी भांडायला. रात्री सामना, सकाळी पानटपरीवर एक मेस्सीचा, एक रोनाल्डोचा, आणि दोन तास कोणाचे कोणी ऐकत नाही. त्यांचे हे काम बार्सिलोना आणि रेआल माद्रिद जवळजवळ फुकटात करतात. तेव्हा महाराष्ट्रातल्या क्लबचा स्पर्धक गोव्याचा क्लब नाही. आणि ज्या भांडणात बार्सिलोना तरबेज आहे तेच भांडण तिच्यापेक्षा स्वस्तात विकायला बसणे म्हणजे दिवाळे.

पण एक भांडण बार्सिलोना विकू शकत नाही: शेजारच्या गल्लीशी.

०

म्हणून कोल्हापूर.

तिथल्या संघांची नावे वाचावीत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. बहुतेक नावांत तालीम आहे, कारण मूळ वास्तू कुस्तीची. लाल माती, हौदा, वस्ताद, आणि त्याभोवतीची पेठेतली पोरे. त्याच घरात फुटबॉल आला आणि राहिला. तालमीकडे आधीपासून काय होते? जागा होती, वर्गणी गोळा करायची सवय होती, वडीलधाऱ्यांचा धाक होता, आणि पलीकडच्या पेठेशी पिढीजात खुन्नस होती. शुम्पेटरची जुळणी म्हणतात ती हीच. फक्त ती कोणी मुद्दाम केली नाही.

शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा रंग चढला की गर्दीसाठी चित्रपट तारा बोलवावा लागत नाही. पोलिस मात्र बोलवावे लागतात. हुल्लडबाजी, दगडफेक, सामने थांबणे हे कोल्हापूरच्या फुटबॉलचे जुने दुखणे आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. ज्या खुन्नशीने गर्दी येते तीच खुन्नस बायका-मुलींना गॅलरीपासून दूर ठेवते. निम्मे गाव दारातूनच परत जाते.

दुसरी अडचण अशी की हे सगळे कोल्हापुरातच थांबते. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला शहराबाहेर पडावे लागले. तालमी आफ्रिकेतले खेळाडू आणतात, हंगामापुरते पैसे मोजतात, पण राष्ट्रीय लीगच्या पायऱ्या चढण्यात त्यांना रस नाही. का असावा? पेठेने त्यांना दिलेले काम पलीकडच्या पेठेला हरवण्याचे आहे. आयझॉलला जाऊन जिंकल्याचा जल्लोष मिरजकर तिकटीला कोण करणार?

तरीही एक हिशेब मला टाळता येत नाही. १९६२ मध्ये सुरू झालेला, २००५-०६ मध्ये देशाचा विजेता ठरलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळत असल्याचे सांगितले. पुण्याचे दोन संघ गेले. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. या सगळ्यांकडे मिळून जेवढा पैसा होता त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या पैशात पाटाकडील चालू आहे. कंपनीचा संघ ताळेबंदातली एक ओळ असतो आणि मार्चअखेर ओळ खोडता येते. तालीम खोडायला कोणाच्या सहीने जायचे?

०

गोव्याचे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावे असे आहे.

धेंपो स्पोर्ट्स क्लब: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२, पाच वेळा देशाचा विजेता, पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी. साळगावकर: १९९८-९९ आणि २०१०-११. पैसा खाणमालक घराण्यांचा. धेंपोंनी खाणी २००९ मध्येच विकल्या होत्या, २०१२ ला राज्यभर खाणबंदी आली. तेव्हा नुसते खाणी बंद म्हणून क्लब बंद, हे सोपे उत्तर पुरत नाही.

क्रिस्टेन्सनच्या १९९७ च्या पुस्तकातला पेच असा की जुन्या धंद्यात चांगले चालणाऱ्याला नवे येताना दिसते, तरी हलता येत नाही, कारण नवे उभे करायचे म्हणजे स्वतःच्याच जुन्याला मारायचे. २०१४ मध्ये सुपर लीगचा एफसी गोवा उभा राहिला तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते. म्हणजे नव्या गाडीत जागा धरली आणि जुनी गाडीही अंगणात ठेवली. पुस्तकी सल्ला असाच असतो: नव्यासाठी वेगळे घर करा. केले. पुढे काय झाले? धेंपो २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला, २०१६ मध्ये दुसऱ्या विभागात पहिला येऊन परत वर जायची पात्रता मिळवली, आणि त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा तिघांनीही राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढले. महासंघाच्या आराखड्यात सुपर लीग वर जाणार होती, आय-लीग खाली, आणि खालून वर जायला जिना ठेवलेला नव्हता. जिना नसलेल्या माडीसाठी कोणी किती वर्षे भाडे भरावे?

आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये पहिल्यांदा घेतले ते पंजाब एफसीला, २०२३ मध्ये. नेमके २०२३-२४ च्या हंगामात धेंपो राष्ट्रीय दुसऱ्या विभागात परतला, दुसरा आला, आणि २०२४-२५ ला पुन्हा आय-लीगमध्ये. प्रशिक्षक समीर नाईक, याच क्लबचा आणि देशाचा जुना बचावपटू.

मधल्या वर्षांत क्लब मेला नव्हता. गोव्याच्या लीगमध्ये खेळत होता, जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या अकादमीत पोरे तयार करत होता. खर्च कमी, बातम्या शून्य. अर्थशास्त्रातले लोक याला पर्याय राखून ठेवणे म्हणतात: थोडे पैसे भरत राहायचे, म्हणजे दिवस बदलले तर दार उघडे असते. पुण्याच्या मालकांनी पर्याय राखला नाही. मला पाच विजेतेपदांपेक्षा धेंपोची ही रिकामी दिसणारी वर्षे जास्त अभ्यासावीशी वाटतात.

०

इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबचे कौतुक सगळे त्यांच्या आकडेमोडीसाठी करतात. मॅथ्यू बेनहॅम, २०१२ पासून मालक, बेटिंगच्या गणितात मुरलेला. कॉर्नर आणि फ्री किक यांवर वेगळी मेहनत. २०१६ मध्ये स्वतःची अकादमी बंद करून मोठ्या क्लबांनी सोडलेल्या पोरांचा ‘ब’ संघ. २०२१ मध्ये ७४ वर्षांनी वरच्या विभागात. सगळे खरे. पण बेनहॅम येण्याआधी त्या क्लबचा मोठा हिस्सा चाहत्यांच्या संघटनेकडे होता आणि चाहतेच वर्गणी जमवत होते, हा भाग सादरीकरणात गाळला जातो. गणित जिवंत क्लबला लावले होते.

०

एव्हरेट रॉजर्स, नवे कसे पसरते याचा मोठा अभ्यासक (१९६२ चे पुस्तक), आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. बाप नवनवी यंत्रे घेई, पण संकरित मक्याला तयार होईना. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला, याचा आडवा झाला, मग पटले. त्याच आयोवात रायन आणि ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारले होते: नव्या बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, पण खात्री पटली ती शेजाऱ्यामुळे. हा निष्कर्ष १९४३ चा.

हे वाचताना खानदेशातल्या माणसाला ठिबक आठवणारच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नळ्या आल्या तेव्हा ‘थेंबाने कुठे केळ जगते का’ म्हणणारे कमी नव्हते. पाट सोडल्याशिवाय पाणी दिल्यासारखे वाटायचे नाही. जैनांच्या कंपनीने शिबिरे घेतली, जाहिराती केल्या. पण बांधापलीकडच्या भावकीच्या केळीचा घड बघून जितके लोक फिरले तितके शिबिराने फिरले नसतील. उतिसंवर्धित रोपांचेही तसेच.

सुपर लीगने फुटबॉलची खबर घरोघर नेली, हे श्रेय द्यायला हवे. खात्री पटवणारा शेजारी मात्र नव्हता. टीव्हीवरचा सामना कितीही चकचकीत असला तरी बांधापलीकडे कोणी खेळताना दिसत नाही तोवर तो दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ.

०

शेजारी आता येतो आहे, पण क्लबच्या दारातून नाही. टर्फ. शहरात जाळी ठोकून, हिरवा गालिचा अंथरून, तासाच्या भाड्याने. रात्री अकराला दिवे लावून पोरे पाच-पाच जणांचे सामने खेळतात. बहुतेक वेळा बॉक्स क्रिकेट, मधूनच फुटबॉल. व्यवस्थित मैदानावरचा जाणकार याला खेळ म्हणायला तयार नसतो. क्रिस्टेन्सनच्या पुस्तकात छोट्या पोलाद भट्ट्यांना मोठे कारखानदार असेच नाक मुरडत होते, कारण त्या भट्ट्या फक्त बांधकामाच्या सळया ओतत. पुढे त्यांनी एकेक करून वरचे मालही काबीज केले.

टर्फवर येणाऱ्यांतले बरेच जण आधी कुठेच खेळत नव्हते. नव्या क्लबला माणसे हवी असतील तर ती इथे आहेत, दहाच्या गटाने, आपापले भाडे भरून. मला तरी कोणता क्लब त्यांचे फोन नंबर घेऊन ठेवताना दिसला नाही.

०

थंडीत आमच्याकडे शेताशेतात भरीत पार्ट्या होतात. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी, कळण्याच्या पुऱ्या, आणि रात्रीपर्यंत गप्पा. अशाच एका पार्टीत मी हा विषय काढला. एक आप्पा म्हणाले, “जळगावची टीम काढा, एखादा मोठा उद्योगपती धरा.” मी म्हटले, मोठ्यात मोठ्या माणसाचेही दिवस फिरतात, जळगावातल्या सर्वात मोठ्या कंपनीची २०१९ मध्ये कर्जापायी काय ओढाताण झाली ते सगळ्या जिल्ह्याने पाहिले. २०२२ ला कर्जाची फेररचना झाली, कंपनी उभी राहिली. क्लब तितके दिवस थांबला नसता.

आप्पांना पटले नाही. ते म्हणाले, “मंग तू काढ.”

०

तर, आप्पांसाठी.

पहिल्या वर्षी संघ काढायचा नाही. नाव, बोधचिन्ह, जर्सी यांवर खर्च नाही. एका-दोघा पीटीच्या मास्तरांना महासंघाच्या डी-लायसन्सच्या वर्गाला धाडायचे. मग असोदा, भादली, तरसोद, नशिराबाद अशा शाळांचे चौदा वर्षांखालचे सामने, मुलींचे त्याच दिवशी आणि आधी, म्हणजे आया बघायला येतील. भरिताचा हंगाम धरायचा: कपाशी निघालेली असते, मोकळी रानं मिळतात, माणसांना संध्याकाळी वेळ असतो.

तपासायचे गृहीतक एकच. भादलीकडून हरल्यावर असोद्यात दुसऱ्या दिवशी कोणाला राग येतो का? आला तर दुसऱ्या वर्षाचा खर्च करायचा. नाही आला तर गोलपोस्टचे पाइप कोणाच्या तरी मांडवाला देऊन टाकायचे आणि व्हॉलीबॉलची जाळी बांधायची, त्याला आमच्याकडे आधीपासून माणसे आहेत.

पंच मात्र नशिराबादचा हवा.